डायनोसॉर परत आले तर काळजी कुणाची करायची?

डायनोसॉर परत आले तर माणूस टिकेल का, हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुणीतरी उकरून काढतं आणि मग कमेंटमध्ये रणगाडे, क्षेपणास्त्रं बाहेर पडतात. मला मात्र वाटतं, प्रश्नच उलटा आहे. आपण टिकू हो. ते टिकतील का?

टी. रेक्सच घ्या. १२ मीटर लांब, वजन ८-९ टन, जबड्यात हाडं फोडायची ताकद. समोर आला तर माझी पाचावर धारण बसेल, कबूल. पण २०२१ साली संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा एका वेळी जिवंत असणारे प्रौढ टी. रेक्स साधारण २० हजार निघाले. ढोबळमानाने शंभर चौरस किलोमीटरला एक. आज त्या प्रत्येकासाठी रस्ता, कुंपण किंवा विजेची तार नसलेली एवढी सलग जागा कुठून आणायची?

आणि खरी गोची अंड्यांची आहे. डायनोसॉरच्या गर्भातल्या दातांवर रोज एक बारीक रेघ उमटायची. २०१७ मध्ये त्या रेघा मोजल्या गेल्या. मेंढीएवढ्या प्रोटोसेराटॉप्सचं अंडं उबायला तीन महिने, बदकचोच्या हिपॅक्रोसॉरसचं सहा! सहा महिने एका जागी पडून राहणारं अंडं. भोवती उंदीर, डुकरं, भटकी कुत्री आणि आपण. क्षेपणास्त्राची गरजच काय?

हे हवेतलं बोलणं नाही, कारण हा प्रयोग आपण करून बसलोय. पक्षी हे डायनोसॉरच आहेत, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उल्कापातातून वाचलेली एक शाखा. न्यूझीलंडचा महाकाय मोआ पक्षी मान ताठ केली तर साडेतीन मीटर उंच भरायचा, मादीचं वजन दोनशे किलोच्या वर. तेराव्या शतकाच्या सुमारास माणूस तिथे पोहोचला आणि दोनेकशे वर्षांत सगळे मोआ संपले. एकही बंदूक नव्हती.

१९३२ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्य मशीनगन घेऊन इमूंच्या मागे लागलं आणि हात हलवत परतलं, हा किस्सा लोक चवीने सांगतात. पुढचा भाग कुणी सांगत नाही. सरकारने इमूमागे बक्षीस ठेवलं आणि १९३४ मध्ये सहा महिन्यांत ५७ हजारांवर बक्षिसं वाटली गेली.

उरल्या कोंबड्या. जगात कुठल्याही क्षणी दोन हजार कोटींहून जास्त. म्हणजे सहजीवन चालूच आहे, फक्त अटी आपल्या. कधी कोंबडीजवळ उकिडवे बसून बघा. खवल्यांचा पाय उचलताना ती बोटं मिटून घेते, टेकवताना पसरते, आणि मान तिरकी करून एका डोळ्याने तुम्हाला जोखते. ती हत्तीएवढी असती तर, असं क्षणभर वाटतंच. (मला दरवेळी वाटतं.)

बाकी डीएनएपासून डायनोसॉर बनवायची आशा सोडा. हाडातल्या डीएनएचे २४२ दुव्यांचे छोटे तुकडे घेतले, तरी त्यातले निम्मे सुमारे ५२१ वर्षांत तुटतात, असं २०१२ साली मोजलं गेलं. ती हाडंही मोआचीच होती.