'दोन महिन्यांत मास्कमधून वास यायला लागला' या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत की दोन महिन्यांतच मास्कमधून रंगाचा वास येऊ लागला, कार्ट्रिज (मास्कला लावायची, वाफ शोषणारी कार्बनची डबी) डुप्लिकेट असणार, आणि साधा एन-९५ चालला असता तरी आम्ही महागाचा मास्क गळ्यात मारला. वास येताच तुम्ही फवारणी थांबवलीत, हे फार चांगलं केलंत. बरेच जण 'एवढा एकच हात राहिलाय' म्हणत तसेच पुढे रेटतात.

एन-९५ रंगाचे बारीक थेंब आणि धूळ अडवतो, थिनरची वाफ मात्र त्यातून आरपार जाते. म्हणून तर वाफेसाठी कार्ट्रिज आणि वर थेंब-धूळ अडवणारं पॅड, असं दोन्ही दिलं. श्वास ओढायला जड वाटू लागला की पॅड बदलायचं आणि वास आला की कार्ट्रिज.

आता तुम्ही टाकलेला फोटो. मास्क खिळ्याला टांगलेला आहे, दोन्ही कार्ट्रिज तशीच लावलेली आणि खाली थिनरचा डबा, झाकण अर्धवट. कार्ट्रिजमधला कार्बन मास्क तोंडावर नसतानाही हवेतली वाफ शोषतच राहतो. तुमची फवारणी थोडा वेळ चालली असेल, पण टांगलेल्या कार्ट्रिजचं काम रात्रंदिवस चालूच होतं. काम संपलं की कार्ट्रिज काढून हवाबंद डब्यात किंवा झिपच्या पिशवीत ठेवा, रंगाच्या खोलीबाहेर. ॲसिटोनवाले स्प्रे कॅन वापरत असाल तर एवढ्यानेही भागत नाही. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसलाच उकळतो, आणि असल्या हलक्या वाफा कार्बनमध्ये पडून राहिल्या तरी हळूहळू आतल्या बाजूला सरकतात. अशा रंगाला पुढच्या वेळी नवीच कार्ट्रिज लावा, वासाची वाट बघू नका.

कार्ट्रिज संपणारीच वस्तू आहे, त्यामुळे तिचे पैसे परत देता येणार नाहीत. पण वास कडेच्या फटीतूनही येऊ शकतो, म्हणून घरी एकदा बघा: दोन्ही तळहातांनी कार्ट्रिज झाकून हळूच श्वास ओढा. मास्क किंचित आत खेचला जाऊन तसाच राहिला पाहिजे. हवा शिरली तर पट्टे नीट करा. दाढीचे खुंट असतील तर कितीही आवळलात तरी मास्क चिकटून बसणार नाही.

तरीही गळत असेल तर मास्क घेऊन या. श्वास बाहेर सोडायच्या व्हॉल्व्हची पातळ चकती तुमच्यासमोर काढून बघू. तिच्यावर रंगाचा कण सुकला तरी ती पुरती मिटत नाही. चकती वाकडी किंवा चिरलेली निघाली तर मास्क बदलून देऊ. धुताना कार्ट्रिज आणि पॅड बाजूला काढा आणि कोमट पाणी नि सौम्य साबणच वापरा. थिनरने पुसू नका, रबर खराब होतं.

येताना रंगाच्या डब्याच्या लेबलचा फोटो आणाल का? तुम्ही हार्डनर मिसळायचा टूके रंग मारत असाल तर त्यात बहुधा आयसोसायनेट हे घातक रसायन असतं. त्याचा वास धोक्याची पातळी ओलांडली तरी येत नाही, त्यामुळे कार्ट्रिज संपल्याचं कळायला मार्ग नसतो. त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. तसा रंग असेल तर आमच्याकडे येईपर्यंत कृपया फवारणी करू नका.