हुशार मुलांना का थांबवता? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

रविवारच्या लॅटिनच्या वर्गाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही ग्वाल्हेरला तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलंत, त्यामुळे तुमचं म्हणणं वरवरचं नाही हे मला कळतं. तुमचे आक्षेप तीन. नववीतली मुलगी, फार्मसीचा मुलगा, वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या मुली आणि एक निवृत्त संस्कृत शिक्षिका यांना एकाच सतरंजीवर बसवून मी हुशारांना कच्च्यांच्या चालीने चालवते, तुमच्यासारख्या तुकड्या पाडत नाही. दुसरं, रूपं पाठ करून घेत नाही. आणि तिसरं, बडोद्यात राहून लॅटिन कशाला, संस्कृत काय वाईट?

तिसऱ्याचं उत्तर लहान आहे. अरविंद घोष १८९३ मध्ये बडोद्याला आले ते केंब्रिजहून ग्रीक-लॅटिन शिकून, आणि संस्कृतचा खोल अभ्यास त्यांनी इथे राहून केला. एका भाषेने दुसरीची जागा अडवली नाही. माझ्या वर्गातही ‘सुम, एस, एस्त’ (मी आहे, तू आहेस, तो आहे) म्हणताना संस्कृतच्या बाई आपोआप ‘अस्मि, असि, अस्ति’ म्हणतात, आणि ‘सुन्त’पाशी ‘सन्ति’ ऐकून मुली चमकून बघतात.

पाठांतराबद्दल गैरसमज झाला, तो माझ्या लिहिण्यामुळे. वर्गाची सुरुवात दर रविवारी पाच मिनिटांच्या घोकंपट्टीनेच होते, सगळे मिळून, मोठ्याने. फक्त मी रूपावलीची परीक्षा घेत नाही. ‘राम’ची चोवीस रूपं ज्यांनी लहानपणी म्हटली, त्यांना लॅटिन नामाची बारा म्हणजे काहीच वाटत नाहीत. ज्याने विभक्ती हा शब्दच कधी ऐकला नाही, तो पहिल्याच चाचणीत शेवटचा येतो आणि पुढच्या रविवारी दिसत नाही. असे दोघं मी पूर्वी गमावले आहेत.

आता पहिला, खरा मुद्दा. तो पटवून द्यायला एक सकाळ सांगते.

फार्मसीचा मुलगा घरी मराठी बोलतो, पण शिकला गुजराती माध्यमात. व्याकरण म्हटलं की मान खाली. संध्याकाळी तो मेडिकल स्टोअरवर काम करतो. एकदा त्याला म्हटलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची अक्षरं फळ्यावर लिही. त्याने न थांबता लिहिलं: बी.डी., टी.डी.एस., एच.एस., ए.सी., पी.सी. दिवसातून दोनदा, तीनदा, झोपताना, जेवणाआधी, जेवणानंतर. मी प्रत्येकापुढे पूर्ण शब्द लिहीत गेले. बिस इन डिए. तेर डिए सुमेन्दुम. होरा सोम्नी. आन्ते किबुम. पोस्ट किबुम.

मग त्यालाच विचारलं, जेवण म्हणजे ‘किबुस’, तर इथे ‘किबुम’ का? तो गप्प. मी म्हटलं, बरं, तू ‘जेवणआधी’ म्हणतोस का? “नाही, जेवणाआधी.” तो ‘णा’ कुठून आला? तो दोनदा पुटपुटला, जेवण, जेवणा, जेवणा... आणि म्हणाला, “बेन, आधी आलं की शब्दाला बदलावं लागतं.” विभक्ती हा शब्द त्याला त्यानंतर सांगितला.

इथवर हुशार थांबले होते, असं तुम्ही म्हणाल. पण तेवढ्यात नववीतली मुलगी म्हणाली, “मग ‘इन डिए’मध्ये शेवटी म का नाही?” मी सांगितलं, ‘आन्ते’ द्वितीया मागतो, ‘इन’ स्थळकाळ सांगायचा असेल तर पंचमी मागतो आणि ‘आत जाणे’ असेल तर द्वितीया. यावर बाई अडल्या. दिवसात म्हणजे सप्तमी हवी, पंचमी कशी? लॅटिनमध्ये तृतीया, पंचमी, सप्तमी यांची कामं बहुतेक एकाच रूपाकडे आली आहेत, हे त्यांना पचायला तीन रविवार लागले. वर्गात सगळ्यांत जास्त व्याकरण येणारी व्यक्ती तिथे सगळ्यांत हळू चालली, आणि चालणं योग्यच होतं, कारण त्यांना आधीचं ज्ञान बाजूला सारायचं होतं. एम.एस्सी.च्या मुलींना मी ‘सोम्नी’ दिला: ‘सोम्नुस’ची षष्ठी, आणि सोम्नुस म्हणजे आपला ‘स्वप्न’च. बिस आणि द्विः, तेर आणि त्रिः त्यांनीच शोधले.

फळ्यावरच्या त्या पाच ओळींत प्रत्येकाला पुरेसं काम होतं. मी वर्गाच्या तुकड्या पाडत नाही सर, कामाच्या पाडते. लॅटिनमध्ये ‘हुशार’ ही एक गोष्ट नाहीच. कुणाच्या रूपं लक्षात राहतात. कुणाला क्रियापद शेवटी येईपर्यंत वाक्य धरून ठेवता येतं. कुणी मराठीत नेमकं सांगतं. पहिल्या महिन्यात तुकड्या पाडल्या तर फक्त पहिला गुण मोजला जातो.

तरी तुमची एक गोष्ट अगदी बरोबर लागली. गेल्या वर्षी एक फार तेज मुलगी तीन महिन्यांनी वर्ग सोडून गेली. तिचं काम लवकर झालं की मी तिला इतरांच्या वह्या बघायला देत असे. जाताना ती म्हणाली, “मी शिकायला येत होते.” मला अजून टोचतं ते. शिकवण्याने आपलंही पक्कं होतं वगैरे खरं, पण ते तिने निवडलं नव्हतं, मी तिच्यावर टाकलं होतं. आता ज्याचं आधी होईल त्याच्यासाठी वेगळा कागद तयार असतो, बहुधा वनस्पतींना दोन शब्दांची लॅटिन नावं देणाऱ्या लिनेयसच्या १७५३ च्या ग्रंथातली एखादी ओळ. ‘हाबिटाट इन इंडिया’ वाचून बहुतेक जण ‘हॅबिटॅट’ हे नाम समजतात. तिथे ते क्रियापद आहे, ‘वसतो’. पिंपळाचं नाव ‘फिकुस रेलिगिओसा’; ‘फिकुस’च्या शेवटी पुल्लिंगी वाटणारा ‘उस’ असूनही ‘रेलिगिओसा’ हे स्त्रीलिंगी विशेषण का, यावर दोघी एम.एस्सी.वाल्या अर्धा तास भांडल्या. झाडांची नावं लॅटिनमध्ये बहुतेक स्त्रीलिंगी, हे शेवटी त्यांनीच उंबर, पिंपळ, चिंच यांची नावं मांडून काढलं.

तुम्ही लिहिलंत की तुकड्या केल्यावर खालच्या तुकडीतली मुलं निवांत झाली. मला खरंच विचारायचंय, त्यातली किती वर्षभरात वरच्या तुकडीत गेली? जात असतील, तर तुम्ही काय करत होता ते सविस्तर लिहा. पुढच्या जूनमध्ये नवे येणारे पाच-सहा जण असतील, मी ते करून बघेन.