जुने होकार: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पसारा आवरण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही पाठवलेल्या प्रतिक्रियेच्या उत्तराला तीन दिवस लागले. पहिल्यांदा वाचताना राग आला होता, आणि रागात लिहायचं नव्हतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आयुष्य सोपं करा, पसारा आवरा, हा सल्ला भरल्या पोटी सुचतो. ज्याच्या मागे हप्ते आहेत आणि घरात आजारी माणूस आहे, त्याने कमी काय करायचं? शिवाय काय नको ते प्रत्येकाला कळतंच. आणि शेवटी हे सगळं म्हणजे जबाबदारीतून अंग काढून घेणं.

पहिला मुद्दा मला मान्य आहे. ‘वर्षभर न वापरलेली वस्तू बिनधास्त काढून टाका, लागलीच तर पुन्हा घेता येते’ असं मी लिहिलं होतं. ज्याला परवडतं त्यालाच हे सुचतं. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी माळ्यावरचा जुना पंखा ही अडगळ नसते, पुढच्या अडचणीची तरतूद असते. तो जपून ठेवणं हाही विचार करून घेतलेला निर्णय आहे. मला हे दिसलं नाही, ही चूक माझी.

काय नको ते कळतंच, हे मात्र पटत नाही. २०२१ साली ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात आलेल्या एका संशोधनात लोकांना लेगोच्या ठोकळ्यांची एक रचना भक्कम करायला दिली होती. तिचं छप्पर कोपऱ्यातल्या एकाच ठोकळ्यावर तोललेलं होतं. नवा ठोकळा लावला की बक्षिसातून दहा सेंट कापले जाणार होते. तो एक ठोकळा काढला तर छप्पर खाली घट्ट बसत होतं, तेही फुकटात. तरी ४१ टक्के लोकांनीच तो काढला. ‘ठोकळे काढायला पैसे पडत नाहीत’ एवढं आधी सांगितल्यावर हे प्रमाण ६१ टक्क्यांवर गेलं. म्हणजे अनेकांच्या मनात काढण्याचा पर्याय आलाच नव्हता. आणि तिथे तर कुणाला दुखवायचंही नव्हतं. आपल्याला एखादं काम सोडायचं असलं की समोरच्याला तोंडावर ‘आता जमणार नाही’ म्हणावं लागतं.

जबाबदारीचं माझ्या घरातलंच सांगते. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा नोकरी सांभाळून मी एका संस्थेचे हिशेब बघत होते, सुट्टीच्या दिवशी एक वर्ग घेत होते आणि एका नियतकालिकाची मुद्रितं तपासत होते. तिन्हींना मी मनापासून होकार दिला होता, पण आठ-दहा वर्षांपूर्वी. त्यानंतर मला कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. संध्याकाळी वडिलांजवळ बसायचे ती मांडीवर हिशेबाच्या वह्या घेऊन. ते बोलायचे, मी नुसतं ‘हं’ म्हणायचे. एकदा ते म्हणाले, “तू तुझं आटप, मग बोलू.”

त्या रात्री तिन्ही कामं कागदावर लिहिली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: हे आज पहिल्यांदा कुणी सांगितलं असतं, तर मी अंगावर घेतलं असतं का? वर्ग ठेवला, बाकीची दोन सोडली. लगेच सुटका झाली नाही. हिशेब नीट सोपवण्यातच चार महिने गेले. संस्थेतले एक ज्येष्ठ सहकारी वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत, ते अजून लागतं. हप्ते तेवढेच राहिले, औषधंही तेवढीच. पण वडिलांच्या शेवटच्या पाच महिन्यांत संध्याकाळी माझ्या मांडीवर वह्या नव्हत्या. मी अंग काढून घेतलं हे खरं, पण कशातून आणि कशासाठी, तेही बघा.

पुन्हा घेता येण्याचं ते वाक्य मी लेखातून काढलं आहे आणि खाली तुमच्या आक्षेपाची नोंद केली आहे. तुम्ही स्वतःच्या घराबद्दल लिहिलं आहे की नाही, मला ठाऊक नाही. लिहिलं असेल, तर आजारी माणसाजवळ बसलेलं असताना तुम्हाला उठवून नेणारं काम कोणतं, ते सवडीने कळवा.