चहा नऊ दिवस गरम राहत नाही

'मेरी सेलेस्ट' जहाजाची गोष्ट दर काही महिन्यांनी नव्याने फिरायला लागते. मजकूर साधारण असा: 1872 साली अटलांटिक महासागरात एक शिडाचं जहाज भरकटताना सापडलं. टेबलावर वाफाळता चहा, अर्धवट खाल्लेली न्याहारी, सगळ्या होड्या जागच्या जागी, कप्तानाच्या बिछान्याखाली रक्ताळलेली तलवार, आणि जहाजावर चिटपाखरूही नाही. मग निकाल: खलाशांनी दारू ढोसून कप्तानाचं कुटुंब कापून काढलं. नाहीतर ज्यांना जहाज 'सापडलं', त्यांनीच सगळ्यांना संपवून बेवारस जहाज बंदरात आणल्याचं बक्षीस लाटलं. शेवटची ओळ ठरलेली: 'शास्त्रज्ञही चक्रावले!'

शास्त्रज्ञ राहू द्या. या जहाजावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या माणसांच्या साक्षी, जहाज जिथे आणलं त्या जिब्राल्टरच्या न्यायालयात शपथेवर झाल्या आहेत. त्यांच्याशेजारी हा मजकूर ठेवून बघू.

आधी चहा. 'डे ग्रासिया' या जहाजाला मेरी सेलेस्ट दिसली 4 डिसेंबरला, अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्या मधल्या समुद्रात. तिच्यावरची शेवटची नोंद होती 25 नोव्हेंबरच्या सकाळी 8 ची, अझोर्समधल्या सांता मारिया बेटाजवळची. मध्ये नऊ दिवस गेले आणि जहाज सुमारे 400 सागरी मैल पुढे सरकलं होतं. जहाजावर आधी चढलेला डे ग्रासियाचा अधिकारी ऑलिव्हर डेव्हो याने साक्षीत सांगितलं, की टेबलावर खायचं-प्यायचं काहीच नव्हतं. कोठारात सहा महिने पुरेल एवढा शिधा मात्र होता. कप्तानाच्या खोलीतलं अंथरूण ओलं झालं होतं. त्यावर लहान मूल झोपून उठल्यासारखा खळगा होता, हे डेव्होचेच शब्द. कप्तान बेंजामिन ब्रिग्ज यांच्यासोबत त्यांची पत्नी सारा आणि दोन वर्षांची मुलगी सोफिया होती. खलाशी सात. एकूण दहा माणसं.

आता होड्या. सगळ्या खुनाच्या गोष्टीची मदार यावर आहे, कारण होड्या जागेवर असतील तर माणसं गेली कुठे? समुद्रातच टाकली असणार! पण जहाजावरची छोटी होडी जागेवर नव्हतीच. ही काही नंतर सुचलेली सारवासारव नाही, पहिल्या साक्षीपासून सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. होडीबरोबर जहाजाची बरीचशी कागदपत्रं गेली होती आणि दिशा-वेळ काढायची उपकरणंही, म्हणजे सेक्स्टंट आणि क्रोनोमीटर. खून करणारा ही उपकरणं घेऊन पळेलही, मान्य. पण मग खलाशी आपले तंबाखूचे पाइप आणि पावसाळी कपडे मागे का ठेवतील? जो ठरवून पळतो तो आपली चीजवस्तू उचलतो. घाईघाईत, 'थोड्या वेळाने परत येऊच' म्हणून उतरणारा तसंच टाकून जातो.

मग 'होड्या जागेवर' हे आलं कुठून? जानेवारी 1884 मध्ये लंडनच्या 'कॉर्नहिल' मासिकात एक कथा निनावी छापून आली. लेखक एक तरुण डॉक्टर, आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्सचा जन्म व्हायला अजून तीन वर्षं होती. या कथेत जहाजाचं नाव बदलून 'मारी सेलेस्ट' झालं, होड्या शाबूत राहिल्या आणि सूड घेणारा एक खुनी प्रवासीही अवतरला. कथा म्हणून त्यात वावगं काहीच नाही. पण आज जो कोणी 'मारी' लिहितो आणि होड्या जागेवर ठेवतो, तो इतिहास सांगत नाही, ती कथा सांगतोय, बहुतेक स्वतःच्याही नकळत.

रक्ताळलेली तलवार मात्र कथेतली नाही. कप्तानाच्या बिछान्याखाली खरंच एक जुनी इटालियन तलवार होती. जिब्राल्टरचे ॲटर्नी जनरल फ्रेडरिक सॉली-फ्लड यांना तिच्यावर रक्त दिसलं, जहाजाच्या कठड्यावर कुऱ्हाडीचा घाव दिसला, आणि नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या, ओरखड्यांत कट दिसला. खलाशांनी अल्कोहोल पिऊन कत्तल केली, हा सिद्धांत मुळात त्यांचाच. गृहस्थांनी एकदा मनाशी ठरवलं की पुरावा मागून येणारच, अशातले ते होते. पण त्यांनीच करवून घेतलेल्या तपासणीत तलवारीवरचे डाग रक्ताचे निघाले नाहीत. अमेरिकेच्या 'प्लिमथ' या युद्धनौकेचे कप्तान शूफेल्ट यांनी नाळ पाहिली आणि सांगितलं, की हे समुद्राच्या माऱ्याने लाकडाचे निघालेले ढलपे आहेत. फिरत्या मजकुरात फ्लड यांचा संशय येतो, ही उत्तरं येत नाहीत.

राहिली दारू. जहाजावर इटलीतल्या जिनोआला जाणारी 1,701 पिंपं होती, पण आत होता उद्योगधंद्यासाठीचा अल्कोहोल. तो पिऊन नशा चढण्याआधी पोटात आग पडायची. जिनोआत माल उतरवला तेव्हा नऊ पिंपं रिकामी निघाली. ही नऊ लाल ओक लाकडाची होती आणि लाल ओकच्या लाकडातून द्रव झिरपतो. इथे पिणाऱ्यापेक्षा गळणारं पिंप जास्त पटतं.

शिडाच्या जहाजावर खरोखर खून पडतात तेव्हा काय दिसतं, त्याचीही नोंद आहे. 1896 च्या जुलैत बोस्टनहून लाकूड घेऊन निघालेल्या 'हर्बर्ट फुलर'वर रात्री कप्तान चार्ल्स नॅश, त्यांची पत्नी लॉरा आणि दुसरा अधिकारी कुऱ्हाडीने मारले गेले. उरलेल्यांनी प्रेतं होडीत ठेवली आणि ती होडी मागे ओढत जहाज हॅलिफॅक्सला आणलं. प्रेतं होती, कुऱ्हाडही होती, एकमेकांवर बोट दाखवणारे साक्षीदार होते, आणि तरीही दोषी ठरलेल्या थॉमस ब्रॅमला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी 1919 मध्ये माफी दिली. मेरी सेलेस्टवर यातलं एकही नाही.

'शोधणाऱ्यांनीच मारलं' याचा हिशेबही जुळत नाही. मेरी सेलेस्ट न्यूयॉर्कहून 7 नोव्हेंबरला खुल्या समुद्रात निघाली, डे ग्रासिया 15 नोव्हेंबरला. आठ दिवस मागून येऊन ऐन महासागरात नेमकं तेच जहाज गाठायचं, दहा माणसं मारायची, आणि मग मोजक्या माणसांच्या हाती ते पाणी शिरलेलं जहाज देऊन जिब्राल्टरला आणायचं. बक्षीस मिळालं 1,700 पौंड, जहाज आणि मालाच्या किमतीच्या सुमारे पाचवा हिस्सा. न्यायालयाचा संशय पुरता गेला नाही म्हणूनच रक्कम हात आखडून दिली, असं मला वाटतं. ब्रिग्ज आणि शोधणारे यांचा संगनमताने कट होता, असंही कुणी लिहितं. पण ब्रिग्ज स्वतः जहाजाचे एक तृतीयांश मालक होते. हे बक्षीस काही प्रमाणात त्यांच्याच खिशातून जाणार होतं.

मग झालं काय? माझा कल असा: तळात साडेतीन फूट पाणी होतं, एक पंप उघडून ठेवलेला होता आणि पाणी मोजायची काठी डेकवरच पडली होती. डेकवरून खाली उतरायची दोन झाकणंही उघडी होती. पंप साथ देत नाही, पाणी किती ते कळत नाही, खाली अल्कोहोलची वाफ आहे, आणि सोबत बायको-मुलगी. अशा वेळी थोडं दूर जाऊन थांबू म्हणून होडी उतरवणं कप्तानाला शहाणपणाचं वाटलं असेल. शीड ओढायचा एक जाड दोर तुटलेला सापडला. होडी त्यानेच जहाजाला बांधली असेल आणि तो तुटला असेल, तर पुढे वल्ही मारून वाऱ्यावर चाललेलं जहाज गाठणं अशक्य. हा तर्क आहे, साक्ष नाही.

या जहाजाच्या वाट्याला गुन्हा आलाच नाही असंही नाही. 3 जानेवारी 1885 ला गिलमन पार्कर या नव्या कप्तानाने ते हैतीजवळच्या खडकावर मुद्दाम चढवलं. आत टाकाऊ माल भरलेला होता आणि त्यावर भरमसाठ विमा उतरवला होता. खटला चालला, ज्युरीचं एकमत झालं नाही आणि पार्कर सुटला.