स्नॅपशॉट एरर आली की विंडोज गेलं? त्या फिरणाऱ्या पाच स्टेप्सबद्दल

सर्व्हर अ‍ॅडमिन लोकांच्या ग्रुपवर एक मेसेज गेले कित्येक महिने फिरतोय, मला स्वतःला तो चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवलाय, त्यातल्या दोघांनी तर "एकदम रामबाण" असं वर लिहून. मेसेज थोडक्यात असा (व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या सर्व्हरची सॉफ्टवेअरमध्ये चालणारी नक्कल):

"फिजिकल सर्व्हरचं व्हर्च्युअल मशीन करताना स्नॅपशॉट एरर आली म्हणजे विंडोज गेलेलं आहे. (१) व्हीएसएस सर्व्हिस बंद असते, ऑटोमॅटिकला टाका. (२) सगळ्या डीएलएल परत रजिस्टर करा, बॅच फाइल सोबत आहे. (३) जुने सगळे शॅडो डिलीट मारा. (४) तरी नाही झालं तर ते १०० एमबीचं पार्टिशन अनटिक करा, त्यात काही नसतं. (५) शेवटचा उपाय, स्नॅपशॉट न घेता क्लोन करा, रिझल्ट सेम."

यातली प्रत्येक ओळ कुठेतरी कुणाला तरी कधीतरी लागू पडली असेल, नाही म्हणत नाही. पण एकाच्या पोटदुखीची गोळी दुसऱ्याच्या गुडघ्याला द्यायचा हा प्रकार आहे, आणि यातल्या दोन स्टेप्स तर चालू सर्व्हरचं नुकसान करतात.

आधी "विंडोज गेलेलं आहे" हेच घेऊ. चालू सर्व्हरचा क्लोन घेताना, मग ते व्हीएमवेअरचं कन्व्हर्टर असो की सिसइंटर्नल्सचं डिस्कटूव्हीएचडी, टूल सोर्स मशीनवरच्या, म्हणजे ज्याचा क्लोन घेतोय त्या सर्व्हरवरच्या, विंडोजला सांगतं की बाबा डिस्कचा या क्षणाचा गोठवलेला फोटो दे. ते काम व्हॉल्यूम शॅडो कॉपी सर्व्हिसचं, म्हणजे व्हीएसएसचं, आणि त्या फोटोलाच स्नॅपशॉट किंवा शॅडो म्हणतात. ही एरर सोर्सवरची आहे, तिकडे ईएसएक्सआयवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) व्हर्च्युअल मशीनचा जो स्नॅपशॉट घेतो त्याच्याशी हिचा काडीचा संबंध नाही, आणि तरी मी लोकांना तिकडच्या डेटास्टोअरमधली, म्हणजे व्हर्च्युअल डिस्क ठेवतात तिथली, जागा मोकळी करत तास घालवताना पाहिलंय. आता फोटो मिळाला नाही याची कारणं किती? जागा नाही, दुसरं कुणीतरी त्याच वेळी फोटो काढतंय, एखादा अ‍ॅप्लिकेशन "थांब" म्हटल्यावर थांबत नाही, किंवा फोटो काढणारा प्रोव्हायडरच त्या व्हॉल्यूमला (ड्राइव्ह किंवा पार्टिशनला) ओळखत नाही. यातल्या एकातही विंडोज "गेलेलं" नसतं.

आणि हे कुठलं कारण ते ओळखायला एरर नंबर दिलेला असतो, तो कुणी वाचतच नाही. कन्व्हर्टर लांबलचक दहा आकडी नंबर दाखवतं. शेवटी ४७६६ असेल (पूर्ण २१४७७५४७६६) तर प्रोव्हायडर म्हणतोय हे व्हॉल्यूम मला जमत नाही. ४७७४ म्हणजे आधीच एक स्नॅपशॉट चालू आहे, बहुतेक रात्रीचं बॅकअप, चहा घेऊन या आणि परत चालवा, खरंच एवढंच. ४७८३ म्हणजे शॅडोसाठी जागा कमी. ४७५६ म्हणजे प्रोव्हायडर रजिस्टर नाही. चार नंबर, चार वेगळे उपाय, आणि मेसेज मात्र सगळ्यांना एकच काढा पाजतोय.

स्टेप एक. "सर्व्हिस बंद असते." हो, असतेच! व्हीएसएस आणि तिच्या जोडीची सॉफ्टवेअर शॅडो कॉपी प्रोव्हायडर या दोन्ही सर्व्हिस मॅन्युअलवर असतात, काम आलं की उठतात, काम नसलं की थोड्या वेळाने आपोआप झोपतात. बंद दिसणं हा आजार नाही. बघायचं असेल तर एकच बघा, कुणी डिसेबल्ड तर केली नाही ना. कधी कधी "सर्व्हर फास्ट करा" छाप यादी वाचून कुणीतरी केलेली असते, तेव्हा परत मॅन्युअलला आणा आणि विषय संपवा.

स्टेप दोन, ती बॅच फाइल. ही मला सगळ्यात जास्त खुपते. डीएलएल (प्रोग्रॅमचे सुटे भाग ठेवणाऱ्या विंडोजच्या फाइली) परत रजिस्टर करायचा उपाय विंडोज सर्व्हर २००३ च्या काळातला, तेव्हा तो खराही होता. २००८ पासून पुढे विंडोजच्या या भागांची नोंदणी वेगळ्या पद्धतीने होते, आणि तिथे जुन्या यादीतल्या डीएलएल हाताने रजिस्टर केल्या तर चालू असलेलं व्हीएसएस बिघडू शकतं. २००३ चा सपोर्ट जुलै २०१५ मध्ये संपला, म्हणजे आज ज्या मशीनवर लोक ती फाइल चालवतात त्यातल्या बहुतेक मशीनसाठी ती लिहिलेलीच नव्हती. मेसेजमधली फाइल मी उघडून पाहिली, त्यात विंडोजचं व्हर्जन तपासणारी एक ओळही नाही, सरळ धडाधड रजिस्टर करत सुटते.

त्याऐवजी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स एवढं टाइप करा, इंग्रजीत अर्थातच. रायटर म्हणजे एकेका प्रोग्रॅमच्या वतीने व्हीएसएसशी बोलणारा भाग. सगळे रायटर स्टेबल आणि नो एरर दाखवत असतील तर बरं. एखादा फेल्ड किंवा टाइम्ड आउट असेल तर बऱ्याचदा चोर तोच. स्नॅपशॉट घेताना रायटर लोकांना सांगितलं जातं की लिहिणं थांबवा, त्याला साधारण ६० सेकंदांची मुदत असते, एक्स्चेंजला (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) तर २० च, आणि खरा फोटो काढताना डिस्कवरचं लिहिणं जास्तीत जास्त १० सेकंद अडवून धरतात. डिस्क धापा टाकत असेल, म्हणजे दुपारी बारा वाजता बिलिंग जोरात चालू असताना तुम्ही क्लोन लावला असेल, तर ही मुदत चुकते. तोच क्लोन रात्री साडेदहाला लावा, बिनबोभाट होतो. अडकलेल्या रायटरसाठी सर्व्हर रीस्टार्ट करायचीही गरज नसते दरवेळी, ज्या सर्व्हिसचा तो रायटर ती सर्व्हिस रीस्टार्ट करा: सिस्टम रायटर असेल तर क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस, डब्ल्यूएमआय रायटर असेल तर विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन, एसक्यूएलचा (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस सर्व्हर) असेल तर एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर. एसक्यूएलवरून आठवलं, डेटाबेसच्या नावाच्या शेवटी चुकून एक स्पेस राहिली असेल तरी तो रायटर कोलमडतो. हसू नका, यात माझे दोन शनिवार गेलेत, कारण स्क्रीनवर ती स्पेस दिसतच नाही.

स्टेप तीन, "सगळे शॅडो डिलीट मारा". अहो, फाइल सर्व्हरवर ते शॅडो म्हणजे लोकांच्या प्रीव्हियस व्हर्जन्स असतात! अकाउंट्समधल्या ताईंनी चुकून ओव्हरराइट केलेली एक्सेल शीट तुम्ही राइट क्लिक करून परत आणून देता ना, ती तिथूनच येते. आणि हीच कमांड रॅन्समवेअर फाइली लॉक करायच्या आधी चालवतं, तेव्हा जरा बरा अँटिव्हायरस असेल तर तो तुमच्याच नावाने बोंब ठोकेल, मग सिक्युरिटीवाल्यांना समजावत बसा.

जागेचा प्रश्न असेल तर आधी त्याच कमांडचं लिस्ट शॅडोस्टोरेज बघा, कमाल मर्यादा कमी ठेवली असेल तर ती वाढवा, सी ड्राइव्ह गच्च असेल तर शॅडोची जागा दुसऱ्या एनटीएफएस ड्राइव्हवर देता येते, सर्व्हर आवृत्तीत त्यासाठी वेगळी कमांडच आहे. एखाद्या बॅकअप टूलने मागे सोडलेला अनाथ शॅडो नक्की सापडला तर तेवढाच उडवा. अख्खं शेत पेटवायचं कारण नाही.

इथेच एक गोष्ट, एरर कुठे येते तेही बघत जा. सुरुवातीलाच, एक टक्क्याच्या आसपास आली तर फोटो निघालाच नाही. मध्येच, चाळीस-साठ टक्क्यांवर क्लोन मेला आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हॉलस्नॅपचा (शॅडो सांभाळणारा विंडोजचा ड्रायव्हर) २५ नंबर दिसला तर फोटो नीट निघाला होता पण नंतर डिस्कवर इतकं लिहिलं गेलं की शॅडोची जागा वेळेत वाढली नाही आणि विंडोजने तो टाकून दिला. त्या वेळेला डीफ्रॅग किंवा अँटिव्हायरस स्कॅन लागलेलं असतं का ते बघा, हे दोघे पक्के गुन्हेगार. आणि ९७-९८ टक्क्यांवर फेल झालं तर तो बहुतेक स्नॅपशॉटचा विषयच नाही, डेटा पोहोचलेला असतो, नव्या मशीनचं रीकॉन्फिगरेशन, म्हणजे विंडोजला नव्या हार्डवेअरशी जुळवणं, फसलेलं असतं. लोक तिथेही शॅडो डिलीट करत बसतात.

स्टेप चारवर जरा थांबतो कारण त्यात खऱ्याचा अंश आहे. ते १०० एमबीचं पार्टिशन, सिस्टम रिझर्व्हड, सर्व्हर २००८ आर२ वर असतं, पुढे २०१२ मध्ये ते ३५० एमबीचं झालं. गुन्हेगार बऱ्याचदा तेच असतं हे मान्य. माझ्याकडे एका कारखान्याचा २००८ आर२ सर्व्हर होता, सी वर ६० जीबी मोकळे, डी वर त्याहून जास्त, आणि तरी शेवटी ४७८३, जागा कमी. आधीच्या माणसाने या मेसेजमधलं जवळपास सगळं करून झालेलं. नियम असा आहे की ५०० एमबीपेक्षा लहान व्हॉल्यूमवर शॅडोसाठी किमान ५० एमबी मोकळे लागतात, मोठ्यावर ३२० एमबी, आणि हे प्रत्येक व्हॉल्यूमला वेगळं लागू होतं. त्या १०० एमबीमध्ये फक्त २७ एमबी मोकळे होते, बाकी जागा एनटीएफएस फाइल सिस्टमच्या यूएसएन जर्नलने (फाइलींमधल्या बदलांची नोंदवही) खाल्लेली. पार्टिशनला तात्पुरतं ड्राइव्ह लेटर दिलं, एफएसयूटिल या विंडोजच्या कमांडने जर्नल डिलीट केलं, लेटर काढून टाकलं, क्लोन चालू. पाच मिनिटं.

पण "अनटिक करा, त्यात काही नसतं"? त्यात बूट मॅनेजर असतो हो! कुठलं विंडोज कुठून चालू करायचं याची नोंदही त्यातच. ते सोडून क्लोन केलात तर तीन तासांनी शंभर टक्के हिरवी खूण दिसेल आणि नवं मशीन चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर बूट मॅनेजर सापडत नाही म्हणून. दुरुस्त करता येतं, पण ते रात्री दोन वाजता करायचंय का तुम्हाला? अनटिक करायचंच असेल तर सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने घातलेलं छोटं डायग्नोस्टिक पार्टिशन करा, त्याची व्हर्च्युअल मशीनमध्ये खरंच गरज नाही, आणि ४७६६ येत असेल तर असलं पार्टिशन हा एक संशयित असतोच. दुसरा संशयित म्हणजे कधीकाळी काढून टाकलेल्या बॅकअप सॉफ्टवेअरचा मागे राहिलेला प्रोव्हायडर, लिस्ट प्रोव्हायडर्समध्ये मायक्रोसॉफ्टशिवाय दुसरं नाव दिसलं की आधी त्याचा माग काढा.

स्टेप पाच, "स्नॅपशॉट न घेता, रिझल्ट सेम". डिस्कटूव्हीएचडीमध्ये व्हीएसएसची टिक काढता येते हे खरं. पण चालू डिस्क कॉपी व्हायला तीन तास लागत असतील तर पहिला ब्लॉक दहा वाजताचा आणि शेवटचा एक वाजताचा. पंगत चालू असताना, लोक उठतायत बसतायत, आणि तुम्ही एका टोकापासून पानं मोजत निघालात, तर येणारा आकडा कुठल्याच क्षणाचा खरा नसतो, तसं. डेटाबेसची डेटा फाइल एका वेळेची, लॉग फाइल दुसऱ्या वेळेची. मशीन बूट होईलही, म्हणूनच लोकांना वाटतं सेम आहे, मग महिनाअखेरीला रिपोर्ट काढताना डेटाबेस सस्पेक्टमध्ये जातो, म्हणजे बिघडलेला समजून उघडतच नाही, आणि तोवर जुना सर्व्हर भंगारात गेलेला असतो.

व्हीएसएस खरोखरच हट्टाला पेटलं तर सर्व्हर रीतसर शट डाउन करा, पेन ड्राइव्हवरून विंडोज पीई (छोटं, डिस्कवर इन्स्टॉल न करता चालणारं विंडोज) किंवा लायव्ह लिनक्सने बूट करा आणि बंद डिस्कची इमेज घ्या. लिहिणारं कुणी नाही, म्हणजे गोठवायचंही काही नाही. डोमेन कंट्रोलर (अख्ख्या नेटवर्कची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) असेल तर मी पहिल्यापासूनच हा रस्ता धरतो, चालू क्लोन घेऊन नंतर जुना नवा दोन्ही नेटवर्कवर आले तर जी यूएसएन रोलबॅकची (डोमेनमधल्या बदलांचे अनुक्रमांक मागे जाण्याची) भानगड होते ती निस्तरण्यापेक्षा रविवारचा डाउनटाइम मागितलेला बरा. साहेब कुरकुर करतात, पण चार तास देतात.