व्हायवाला केटरर कोणता सांगू?

परवा रात्री साडेनऊला एका मुलीचा फोन. आमच्याकडे सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशेबाने, शिकवते. प्रबंध जमा करून वर्ष होत आलं, आता कुठे व्हायवाची, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेची, तारीख पडली. आनंद, धाकधूक, सगळं आवाजात. आणि पहिला प्रश्न काय, तर "मॅडम, तुम्ही तुमच्या व्हायवाला केटरर कोणता सांगितला होता?"

हसू नका. सहा वर्षांपूर्वी मीही आधी केटररच ठरवला होता. चाळीस ताटं, त्यात गोड काय ठेवायचं यावर घरात दोन दिवस चर्चा. शाली आणल्या, नारळ आणले, परीक्षकांना स्टेशनवरून आणायला मावसभावाची गाडी सांगून ठेवली. परीक्षकांचा प्रवासखर्च आणि मानधन विद्यापीठ देतं. बाकीचा थाट कुठल्या नियमात लिहिलाय ते मला अजून सापडलेलं नाही, पण तो होतो संशोधकाच्याच खिशातून. आणि तासाच्या हिशेबावर शिकवणाऱ्या पोरीच्या खिशात किती असतं ते आपण सगळे जाणतो. हे बंद व्हायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. चहा-बिस्किटं डिपार्टमेंटने द्यावीत, विषय संपला.

पण थाटापेक्षा जास्त खटकतं ते त्यामागचं "आता काय, फॉर्मॅलिटी!" हे वाक्य. रेफरींचे, म्हणजे प्रबंध तपासणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांचे, रिपोर्ट चांगले आल्याशिवाय व्हायवा लागत नाही, हे खरं. त्यामुळे सगळ्यांना तो साखरपुडा वाटतो. पसंती होऊन गेली, आता जेवण चांगलं झालं म्हणजे झालं. माझ्या वेळी लागू असलेल्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांत मात्र होतं की व्हायवा इतर गोष्टींबरोबर रेफरींनी रिपोर्टात काढलेल्या मुद्द्यांवर घ्यायची. २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले, पण रिपोर्टातले मुद्दे आजही विचारले जातातच. म्हणजे पेपर आधीच फुटलेला आहे! तरी दहातले आठ जण तो बघत नाहीत. रिपोर्ट गाईडकडे असतात, मागायला संकोच वाटतो. मागा. दोनदा मागा.

दुसरी अडचण वेळेची. प्रबंध दिल्यापासून निकालापर्यंत सगळं सहा महिन्यांत उरकावं असं नियमात आहे. माझ्या बाबतीत अकरा महिने गेले. तेवढ्यात माणूस स्वतःचा प्रबंध विसरतो. मरून रंगाचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आत आपण काय लिहिलंय ते आठवत नाही. मी शेवटी झेरॉक्स कॉपी घेऊन बसले आणि प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलने एकेक ओळ लिहीत गेले, मराठीतून: 'इथे मी काय म्हणतेय?' प्रबंध इंग्रजीत, ओळ मराठीत. काही पानांवर ओळ सुचेचना. नीट बघितलं तर त्या पानांवर मी काहीच म्हणत नव्हते, दहा जणांची मतं एकाखाली एक रचून ठेवली होती. परीक्षकाचं बोट नेमकं अशाच पानावर जातं.

माझा विषय पाणीवापर संस्था. कालव्याचं पाणी शेतकऱ्यांनी संस्था करून आपसात वाटून घ्यायचं, त्यासाठी आपल्याकडे २००५ चा कायदा आहे. संस्थेच्या कारभारात हेडचे (कालव्याच्या तोंडाकडचे), मधले आणि टेलचे (शेवटच्या टोकाचे) शेतकरी सारख्या संख्येने असावेत, ही त्यातली मला सगळ्यात आवडणारी तरतूद. कारण पाण्याचं भांडण तिथेच असतं. हेडच्याचं रान भिजतं आणि टेलचा पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या नावाने बोटं मोडत बसतो.

तर व्हायवाच्या आठवडाभर आधी मी प्रेझेंटेशन सासऱ्यांसमोर करून दाखवलं. त्यांची सगळी हयात शेतीत गेली, इंग्रजीचा गंध नाही. म्हणून पीपीटी बाजूला ठेवून तोंडीच सांगितलं. वीस मिनिटं निमूट ऐकलं आणि मग म्हणाले, "ते सगळं ठीक. पण हेडवाल्यांनी पाणी खाली सोडलंच कशापायी? त्यांना काय मिळालं?"

तीनशे बारा पानांत याचं सरळ उत्तर नव्हतं. त्या रात्री मी फील्डच्या वह्या पुन्हा काढल्या.

आणि प्रत्यक्ष व्हायवा. बाहेरून आलेल्या सरांनी प्रबंधात पिवळ्या चिठ्ठ्या लावून आणल्या होत्या. ते बघूनच पोटात गोळा. पान १४७ उघडलं. तक्ता ५.३, 'टेलच्या शेतापर्यंत पाणी पोहोचले: होय / नाही'. सरांनी शांतपणे विचारलं, "पोहोचलं म्हणजे काय? चारीत दिसलं, की रान भिजलं?"

मी म्हटलं, "सर, प्रश्नावलीत असंच विचारलं होतं."

याहून वाईट उत्तर नसतं. हॉलमध्ये मागे कुणाची तरी खुर्ची करकरली, तेवढाच आवाज. मग मला वहीतली एक बाई आठवली. टेलला दीड एकर कांदा होता तिचा. ती म्हणाली होती, "आलं ना पाणी. रात्री दोनला आलं, तासाभरात गेलं. त्याला आलं म्हणायचं का, ते तुम्हीच लिवा." मी तिच्यापुढे 'होय' वर टिक केली होती. हे मी सरांना जसंच्या तसं सांगितलं.

"मग हे प्रबंधात का नाही?"

"टेबलात बसत नव्हतं, सर."

ते हसले नाहीत, मान हलवली आणि चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. पुढचा अर्धा तास आम्ही त्या एका टिकच्या खुणेवर बोललो. आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सुटल्याची सरकारी नोंद आणि शेतात पडलेलं पाणी यांत किती फरक पडतो, मोजायचं तर चारीच्या तोंडाशी मोजायचं की शेवटच्या बांधाला, असं सगळं. माझ्या प्रबंधावर तितकं मन लावून त्याआधी कुणी बोललं नव्हतं, त्यानंतरही नाही. गाईडची सही झाली, विद्यापीठाचा शिक्का बसला, शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, पीडीएफ चढली. आता तिथून तो कोण उतरवून वाचतंय? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून आलेला परका माणूस समोर बसण्याची ती बहुधा एकुलती एक वेळ. ती वेळ आपण मटार-पनीरच्या काळजीत घालवतो, हे माझं दुखणं आहे.

तिकडे परदेशात वेगळं असतं, असा एक सूर लगेच लागतो. समारंभ तिकडेही असतो. माझी एक मैत्रीण नेदरलँड्समध्ये पीएचडी झाली. काळे झगे, दोन्ही बाजूंना पाठराखणीसारखी दोन माणसं, आणि वेळ संपली की दंड घेतलेला एक जण आत येऊन 'होरा एस्ट' (वेळ झाली) म्हणतो, की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. पार्टीही होते, तीही बऱ्याचदा उमेदवाराच्याच खर्चाने. त्यामुळे सोहळ्याला माझी ना नाही. प्रश्न विचारले जावेत, एवढंच.

उरलेलं भराभर सांगते. साठ स्लाइड करू नका, पंधरा पुरतात, आणि पहिल्या स्लाइडवर सरस्वती नसली तरी ती रागावत नाही. सहा गावंच का, दोनशे चाळीसच शेतकरी का, हीच टेस्ट का, यावर "गाईडनी सांगितलं" हे उत्तर नाही. गाईड शेजारीच बसलेले असतात, त्यांनाही ते आवडत नाही. आकडेमोड बाहेरून पैसे देऊन करून घेतली असेल, तर निदान एक काय-स्क्वेअर टेस्ट हाताने सोडवून बघा. छापल्यावर सापडलेल्या चुकांचं शुद्धिपत्र आपणहून न्या. आणि दुसऱ्यांच्या व्हायवांना जाऊन बसा. त्या खुल्या असतात, बहुतेक लोक मात्र जेवणाच्या सुमारास उगवतात.

त्या मुलीला केटररचा नंबर दिला. नाही कसा देणार, तिलाही त्याच डिपार्टमेंटमध्ये राहायचंय. पण आधी रेफरी रिपोर्ट मागून घे म्हटलं. काल तिचा मेसेज आला. रिपोर्ट मिळालाय, दुसऱ्या रेफरीने सात मुद्दे काढलेत, त्यातला चौथा तीनदा वाचूनही कळत नाहीये.

रविवारी घरी बोलावलंय. सासरेही आहेत.