अंधार दाखवू शकणारा टीव्ही

गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: घर बदलणारे कुणीतरी आपला जुना प्लाझ्मा टीव्ही अगदी किरकोळ किमतीत देत आहे, तर तो सिनेमा पाहायला आणि गेम खेळायला घ्यावा, की सरळ नवा एलसीडी आणावा? आमच्या दिवाणखान्यात २०१० च्या दिवाळीपासून ४२ इंची प्लाझ्मा आहे. त्याच महिन्यात दादाने तेवढ्याच आकाराचा एलसीडी घेतला होता, त्यामुळे दोन्हींचा पुरेसा अनुभव गाठीशी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: सिनेमासाठी प्लाझ्मा, गेमसाठी एलसीडी, आणि दोन्हींसाठी एकच टीव्ही घ्यायचा असेल, तर घरातला गेम खेळणारा रोज किती तास त्यापुढे बसतो हे आधी पाहा.

आम्ही दोघे भाऊ ज्या दुकानात गेलो होतो, तिथे वर ट्यूबलाइटच्या रांगा होत्या आणि भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर एकच भडक रंगांची चित्रफीत चालू होती. त्या उजेडात प्लाझ्मा मळकट दिसत होता आणि त्याच्या काचेत मला चित्रापेक्षा माझाच चौकड्यांचा शर्ट जास्त दिसत होता. ‘साहेब, हा डल आहे आणि लाइट बिलही जास्त येईल,’ असे विक्रेत्याने सांगितले, आणि त्याच्या दृष्टीने तो दोन्ही बाबतींत खरेच बोलत होता. तरीही मी बरोबर नेलेल्या डीव्हीडीतला एक रात्रीचा प्रसंग लावायला सांगितला आणि दोन्ही हातांचा आडोसा करून आधी प्लाझ्माच्या, मग एलसीडीच्या पडद्याला डोळे लावले. प्लाझ्मावर माणसाच्या काळ्या कोटाची घडी काळ्या भिंतीपासून वेगळी दिसत होती; एलसीडीवर कोट, भिंत आणि दार मिळून एकच राखाडी धुके झाले होते. ‘अरे, असा हात धरून कोण टीव्ही बघतं?’ असे म्हणत दादाने एलसीडीचे पैसे भरले.

हा फरक कंपनीच्या हुशारीचा नसून प्रकाश कुठून येतो याचा आहे. प्लाझ्माच्या पडद्यात निऑन आणि झेनॉन वायूंनी भरलेल्या लक्षावधी बारीक कोठड्या असतात. विजेच्या झटक्याने त्या वायूतून अतिनील किरण निघतात आणि कोठडीतला लाल, हिरवा किंवा निळा लेप उजळतो. म्हणजे प्रत्येक कोठडी ही एक चिमुकली ट्यूबलाइटच होय. ही कल्पना १९६४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाच्या शिक्षणासाठीच्या संगणक प्रणालीकरिता पुढे आली. एलसीडीत मात्र मागे दिवा सतत जळत असतो आणि पुढचे द्रवस्फटिक झडपांसारखे उघडमीट करतात. झडप कितीही घट्ट मिटली तरी थोडा उजेड पाझरतोच. एलसीडीच्या आयपीएस प्रकारात सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या बिंदूचे प्रमाण साधारण १०००:१ असते, व्हीए प्रकारात ३०००:१ किंवा त्याहून अधिक. पण व्हीए पडदा बाजूने पाहिला की रंग फिके पडतात. दुकानदार ज्याला एलईडी टीव्ही म्हणतात, तोही एलसीडीच असतो. फक्त मागच्या बारीक नळ्यांच्या जागी एलईडी दिवे आले आहेत. सिनेमास्कोप चित्रपट लावला की वर-खाली ज्या काळ्या पट्ट्या येतात, त्या दिवा मालवलेल्या खोलीत राखाडी दिसू लागल्या की डोळे पुन्हा पुन्हा तिकडेच जातात. प्लाझ्माचा काळाही पूर्ण काळा नसतो, कारण कोठड्या तयार ठेवण्यासाठी किंचित विद्युत्‌विसर्जन चालूच असते; पण त्या पट्ट्या विसरता येतात.

हालचालीच्या बाबतीतही प्लाझ्माच पुढे आहे, आणि त्याचे कारण सहसा चुकीचे सांगितले जाते. प्लाझ्माच्या खोक्यावरच्या ‘६०० हर्ट्झ’चा अर्थ सेकंदाला ६०० चित्रे असा नाही, सेकंदाच्या ६० चित्रांपैकी प्रत्येक चित्र १० तुकड्यांच्या लुकलुकाटातून उभे केले जाते, एवढाच त्याचा अर्थ. ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा एलसीडी मात्र प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद जसेच्या तसे धरून ठेवतो आणि त्या वेळात आपली नजर चेंडूमागे पुढे सरकलेली असते. सेकंदाला ९६० बिंदू (पिक्सेल) या वेगाने जाणारी वस्तू त्यामुळे सुमारे १६ बिंदूंइतकी फरफटल्यासारखी दिसते. यावर उपाय म्हणून अनेक एलसीडी मधली चित्रे स्वतः तयार करून भरतात. मग सेकंदाला २४ चित्रांनी घडवलेला सिनेमा रात्री आठच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. दादाच्या घरी पहिल्या दिवशी मी ती सोय बंद केली, तर वहिनींनी ‘चित्र अडखळायला लागलं’ म्हणून ती पुन्हा चालू करायला लावली.

आता तक्रारीकडे येतो. आमच्या घरी आईची मराठी मालिकांची वाहिनी संध्याकाळी सहा ते दहा एवढा वेळ चालत असे. दोन वर्षांनी, पडदा एकरंगी पांढरा झाला की उजव्या वरच्या कोपऱ्यात त्या वाहिनीच्या चिन्हाची फिकट सावली दिसू लागली आणि ती आजतागायत गेलेली नाही. जिथे एकच चित्र तासन्‌तास उजळत राहते, तिथला लेप इतरांपेक्षा लवकर झिजतो. सेवाकेंद्राच्या माणसाने हमीपत्रावरची एक ओळ दाखवून विषय संपवला.

गेमच्या बाबतीत हाच दोष निर्णायक ठरतो. क्रिकेटच्या सामन्यात धावफलकाची पट्टी जाहिरातींच्या वेळी तरी हलते. गेममध्ये मात्र जीव किती उरला हे दाखवणारी पट्टी, नकाशा आणि गोळ्यांचा आकडा त्याच जागी ठाण मांडून असतात. पुतण्या सुट्टीत आमच्याकडे राहिला, तेव्हा आठ दिवसांत खालच्या डाव्या कोपऱ्यात गोल नकाशाचे भूत उमटले. सुदैवाने ते कच्चे होते आणि महिनाभरात विरले. शिवाय आमच्यासारख्या ४२ इंची प्लाझ्मांचे बिंदू १०२४ बाय ७६८ एवढेच असल्यामुळे गेममधली बारीक अक्षरे वाचायला तो खुर्ची पुढे ओढत असे. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा उशीर प्लाझ्मा-एलसीडीपेक्षा आतल्या प्रक्रियेवर अवलंबून असतो. तो टीव्हीच्या सेटिंगमधल्या ‘गेम मोड’ने कमी होतो, आणि हल्लीच्या एलसीडींमध्ये ही काळजी अधिक घेतलेली असते. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सीरीज एक्स ही गेमची यंत्रे सेकंदाला १२० चित्रे देऊ शकतात. त्यासाठी १२० हर्ट्झचा पडदा लागतो, जो जुन्या प्लाझ्माकडे नाही.

विजेचा हिशेब थोडक्यात देतो. प्लाझ्माचा खर्च चित्राप्रमाणे बदलतो: दिवसाच्या कसोटीचे हिरवे मैदान असले की आमचा टीव्ही २०० वॅटच्या पुढे जातो, वरच्या कडेला हात धरवत नाही आणि शांत खोलीत मंद घूं ऐकू येते, रात्रीच्या प्रसंगात तो खर्च बराच उतरतो.

पायोनिअरने गडद काळ्यासाठी नावाजलेले ‘कुरो’ हे प्लाझ्मा टीव्ही बनवूनही २००९ मध्ये या धंद्यातून बाहेर पडण्याचे जाहीर केले, पॅनासोनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्माचे उत्पादन थांबवले आणि सॅमसंग व एलजी पुढच्या वर्षी थांबले. माझ्या मते चित्राच्या बाबतीत प्लाझ्मा कधीच हरला नव्हता. तो दुकानाच्या उजेडात, वजनात आणि विजेच्या बिलात हरला. आज अंधार हवा असेल तर ओएलईडी आहे. त्यातही प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, म्हणून काळा काळाच दिसतो, आणि अर्थात डाग पडण्याचा धोकाही त्याबरोबर आलाच. मात्र तोही चित्र धरून ठेवतो, त्यामुळे ६० हर्ट्झवर हालचालीतली फरफट तिथेही दिसते.

तेव्हा कुणी जुना प्लाझ्मा स्वस्तात देत असेल आणि तुम्ही दिवे मालवून सिनेमे पाहणारे असाल, तर जरूर घ्या. पण उचलायला दोन माणसे न्या आणि पैसे देण्यापूर्वी अर्धा तास तो चालू ठेवायला सांगा. मग पेनड्राइव्हवरून कोऱ्या राखाडी रंगाचे एक चित्र लावा आणि चारही कोपरे नीट न्याहाळा. त्या घरात वर्षानुवर्षे कोणती वाहिनी लागत होती, हे तुम्हाला मालकाने न सांगताच कळेल.